रांग कोठे लागते?
लहान कचेरीतील सर्व्हरची उभारणी आणि निगा



एप्रिल महिन्यातील दुपार डोळ्यांसमोर आणा. देवगड-जामसंडे भागात आंब्याचा हंगाम ऐन भरात आहे. झेल्याने उतरवलेला हापूस प्रतवारी होऊन पेट्यांत भरला जात आहे. संध्याकाळी गाड्या वाशीच्या बाजाराकडे निघायच्या आहेत.

समजा, येथे आंब्याची खरेदी-विक्री सांभाळणारी एक लहान कचेरी आहे. तीत दहा संगणक आहेत आणि सर्वांची खाती एका सर्व्हरवर ठेवलेली आहेत. सकाळी एखाद्या बागायतदाराचा खातेउतारा मागितला तर तो १० सेकंदांत मिळतो. दुपारी चार वाजले की त्याच उताऱ्याला ५० सेकंद लागतात. बाहेर माणसांची रांग वाढते आणि गाडी खोळंबते. झाडावरून उतरलेला आंबा काही संगणकासाठी थांबत नाही. त्याचे पिकणे चालूच असते. कचेरीचे चालक वैतागून म्हणतात, "हा सर्व्हर आता काढून टाकू आणि याच्या दुप्पट ताकदीचा आणू!"

आणावा का? या लेखात आपण हाच प्रश्न सोडवणार आहोत. त्यासाठी सर्व्हर कसा उभारतात हे प्रथम पाहू, आणि मग तो मंद का होतो याचा शोध घेऊ.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हे एखाद्या खास यंत्राचे नाव आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ते कामाचे नाव आहे. जो संगणक इतर संगणकांच्या मागण्या ऐकतो आणि त्या पुऱ्या करतो तो सर्व्हर. खाती सांभाळणे, छपाईची कामे ओळीने यंत्राकडे पाठवणे, कोणाला काय पाहण्याची परवानगी आहे हे तपासणे, ही त्याची नित्याची कामे. दहा जणांच्या कचेरीत एखादा चांगल्या अवस्थेतील साधा संगणकही हे काम करू शकतो. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली त्यावर बसवली तर प्रणालीसाठी पैसेही मोजावे लागत नाहीत.

संगणकांना जोडणाऱ्या ज्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात, तिचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांचे सहकारी यांनी ती घडवली. त्या वेळी सर्व संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. दोघे एकदम बोलू लागले तर संदेशांची टक्कर होई आणि दोघांनाही थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे. आज प्रत्येक संगणकाची केबल स्वतंत्रपणे स्विच नावाच्या पेटीत जाते. स्विच आलेला संदेश नेमक्या त्याच दाराने बाहेर पाठवतो ज्या दारापाशी त्याचा मालक असतो. टक्कर टळली, पण एकाच दाराकडे पुष्कळ संदेश निघाले तर तेथे रांग लागतेच. हा रांग शब्द ध्यानात ठेवा. पुढे तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

जागा, वीज आणि पाऊस

सर्व्हर कोठे ठेवावा? खिडकीजवळ नको, कारण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते धातूवर बसतात, हवेतील ओल शोषून घेतात आणि गंज चढवतात. जमिनीवरही नको, कारण पावसाळ्यात ओल तेथेच प्रथम येते. उंच फळीवर, मागे-पुढे हवा खेळती राहील असा तो ठेवावा.

विजेचे काय? लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. सर्व्हर आणि स्विच मिळून १२० वॉट खात असतील तर कागदावर हिशेब येतो ४२ मिनिटांचा. पण बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलताना काही वाया जाते आणि बॅटरी भरभर रिकामी केली तर ती पूर्ण क्षमतेने देतही नाही. म्हणून प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच मिनिटे धरावीत. यावरून यूपीएसचा खरा उपयोग कळतो. वीज गेल्यावर काम चालू ठेवण्यासाठी तो नाही. हातातील नोंदी पुऱ्या करून सर्व्हर शिस्तीने बंद करण्यासाठी तो आहे. अर्धी लिहिलेली नोंद ही न लिहिलेल्या नोंदीपेक्षा वाईट असते.

तांब्याची केबल स्विचपासून संगणकापर्यंत १०० मीटरपेक्षा लांब असू नये. आंबा भरण्याची शेड कचेरीपासून त्याहून दूर असेल तर प्रकाशतंतूची केबल टाकावी. कोकणात तिचा आणखी एक फायदा आहे. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा लांब तांब्याच्या तारेत विजेचा झटका उत्पन्न होतो आणि तो थेट यंत्रात शिरतो. काचतंतू वीज वाहून नेत नाही, म्हणून तो झटका तेथेच अडतो. मात्र केबल निवडताना तिच्या आत आधारासाठी धातूची तार नाही याची खात्री करून घ्यावी.

प्रत्येकाचा पत्ता

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता लागतो. घरातल्या किंवा कचेरीतल्या वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले आहेत. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते याच वर्गातले. ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. म्हणून देवगडच्या कचेरीत आणि मालवणच्या शाळेत १९२.१६८.१.१० हा एकच पत्ता असला तरी गोंधळ होत नाही. प्रत्येक वाडीत पहिल्या क्रमांकाचे घर असावे, तसेच हे.

कर्मचाऱ्यांच्या संगणकांना राउटर आपोआप पत्ते वाटतो आणि ते बदलले तरी चालतात. पण सर्व्हरचा आणि छपाई यंत्राचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा. पोस्टाची कचेरी रोज घर बदलू लागली तर पत्रे टाकायची कोठे? तसेच तो कायमचा पत्ता राउटरच्या वाटपाच्या यादीतून वगळावा; नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता दुसऱ्या संगणकाला मिळेल आणि दोघांचीही कामे अडतील.

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड द्यावा. हिशेबनीस खात्यात लिहू शकेल. पेट्या मोजणारा फक्त वाचू शकेल. सर्वांना एकच पासवर्ड दिला तर चूक कोणी केली हे कधीच कळणार नाही.

इतके झाले की आपली कचेरी चालू झाली. आता चार वाजताच्या कोड्याकडे वळू.

रांगेचे गणित

एक प्रयोग मनातल्या मनात करा. खिडकीवर एक कारकून बसला आहे. प्रत्येक माणसाचे काम तो सरासरी १ मिनिटात उरकतो. तासाला ३० माणसे आली तर तो निम्मा वेळ मोकळा असतो. तासाला ५४ आली तरी त्याला ६ मिनिटे मोकळी मिळतातच. मग रांग का लागावी?

कारण माणसे घड्याळ लावून येत नाहीत. कधी पाच मिनिटे कोणी येत नाही, तर कधी पाच जण एकदम येतात. मोकळी गेलेली मिनिटे कारकुनाला साठवून ठेवता येत नाहीत. या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास डेन्मार्कमधील गणितज्ञ आग्नर क्रारूप एरलांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीच्या कामातून केला. त्यांचा पहिला निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. किती तारा ठेवल्या म्हणजे बोलू इच्छिणाऱ्यांचा खोळंबा होणार नाही, हा त्यांचा प्रश्न होता. संगणकाच्या रांगेलाही तेच गणित लागू पडते.

एकच कारकून असेल आणि माणसे अनियमितपणे येत असतील, कामेही लहान-मोठी असतील, तर एक सोपे सूत्र मिळते:

एकूण वेळ = कामाचा वेळ ÷ (१ − व्यग्रता)

व्यग्रता म्हणजे कारकून किती अंश वेळ कामात असतो ते. कामाचा वेळ १ मिनिट धरून आकडे घालून पहा:

व्यग्रता ०.५० असता एकूण वेळ २ मिनिटे
व्यग्रता ०.८० असता ५ मिनिटे
व्यग्रता ०.९० असता १० मिनिटे
व्यग्रता ०.९५ असता २० मिनिटे

पाहिलेत? ०.५० पासून ०.९० पर्यंत काम दुपटीपेक्षाही कमी वाढले, पण खोळंबा पाचपट झाला. पुढे ०.९० वरून ०.९५ वर जाताना काम किंचितच वाढले आणि खोळंबा दुप्पट झाला. वहीत याचा आलेख काढा. प्रथम जवळजवळ सपाट चालणारी रेषा शेवटी कड्यासारखी उभी राहते. सकाळी बरा चालणारा सर्व्हर दुपारी अचानक का बसतो, याचे रहस्य या वक्ररेषेत आहे.

चार ठिकाणी मोजा

पण सर्व्हरमध्ये कारकून एकच नसतो. मागणी येते ती केबलमधून. मग प्रोसेसर विचार करतो. हवी ती नोंद रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, आहे का हे पाहिले जाते. नसेल तर ती हार्ड डिस्कवरून आणावी लागते. या चार ठिकाणांपैकी रांग कोठे लागली आहे?

हे तर्काने सांगता येत नाही, मोजावे लागते. प्रत्येक प्रणालीत हे मोजण्याची साधने असतातच. आपल्या कचेरीत चार वाजता मोजल्यावर असे आढळले असे समजा: प्रोसेसर १५ टक्के व्यग्र, केबल ५ टक्के व्यग्र, रॅम काठोकाठ भरलेली आणि हार्ड डिस्क ९० टक्के व्यग्र.

गुन्हेगार सापडला! पण डिस्क इतकी मंद का? तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारे ८.३ धरा. बेरीज १२.५ मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी आणायच्या तर डिस्क सेकंदाला जेमतेम ८० आणू शकते. रॅममधून तीच नोंद सुमारे ०.०००१ मिलिसेकंदात मिळते. हा फरक सव्वा लाख पटींचा आहे. रॅममधून नोंद आणण्यास १ सेकंद लागतो अशी कल्पना केली तर डिस्कवरून आणण्यास सुमारे ३५ तास लागतील. टेबलावरचा कागद उचलणे आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन, दिवसभर काम करून, दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत येणे, एवढा हा फरक.

आता हिशेब जुळतो का पहा. एका खातेउताऱ्यासाठी ४०० नोंदी वाचाव्या लागतात असे धरू. सकाळी डिस्ककडे सेकंदाला ४० मागण्या येतात. व्यग्रता ०.५०, प्रत्येक नोंदीला २५ मिलिसेकंद, ४०० नोंदींना १० सेकंद. दुपारी चारला ७२ मागण्या येतात. व्यग्रता ०.९०, प्रत्येकीला १२५ मिलिसेकंद, ४०० नोंदींना ५० सेकंद. तक्रार अगदी खरी होती.

उपाय: एका वेळी एकच

चालकांच्या म्हणण्याप्रमाणे दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला असता तर? त्या ५० सेकंदांत प्रोसेसरचा वाटा समजा १ सेकंद आहे. तो अर्ध्यावर आला. वाचला अर्धा सेकंद! जो भाग एकूण वेळेत लहान आहे, तो कितीही वेगवान केला तरी एकूण लाभ लहानच राहतो. अमेरिकन संगणक-तज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी हा विचार १९६७ मध्ये मांडला. तो ॲमडालचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे.

मग काय करावे? प्रथम विचारावे: चार वाजता विशेष असे काय घडते? तपास केला तेव्हा कळले की दिवसभराच्या नोंदींची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेण्याची वेळ कोणीतरी नेमकी चारची लावून ठेवली होती. ७२ पैकी २४ मागण्या त्या कामाच्या होत्या. ती वेळ बदलून रात्री दहाची केली. आता मागण्या ४८, व्यग्रता ०.६०, प्रत्येक नोंदीला सुमारे ३१ मिलिसेकंद आणि खातेउताऱ्याला साडेबारा सेकंद. एक पैसाही खर्च न होता चौपट फरक पडला. शिवाय कोणी लिहीत नसताना प्रत घेतल्यामुळे तीत अर्धवट नोंदी शिरण्याचा धोकाही कमी झाला.

दुसरे पाऊल रॅम वाढवण्याचे. वारंवार लागणारी खाती आता स्मृतीतच राहू लागली आणि निम्म्या मागण्या डिस्कपर्यंत पोहोचेनाशा झाल्या. डिस्ककडे येतात २४, व्यग्रता ०.३०, प्रत्येकीला सुमारे १८ मिलिसेकंद, एका उताऱ्यातील २०० नोंदींना सुमारे साडेतीन सेकंद. एवढ्यानेही भागले नाही तर फिरत्या तबकडीच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवावी. तिला एक नोंद आणण्यास साधारण ०.१ मिलिसेकंद लागते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, प्रत्यक्षातील मागण्या सूत्रातल्याइतक्या साध्या नसतात. सूत्र दिशा दाखवते, अचूक सेकंद नव्हे. दुसरी, एका वेळी एकच बदल करावा, तारीख घालून वहीत लिहावा आणि पुन्हा मोजावे. तीन बदल एकदम केले तर गुण कोणत्या औषधाने आला हे कळणार नाही. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तुम्ही हेच शिकता.

रांग नसलेली दिरंगाई

प्रत्येक दिरंगाई रांगेमुळेच होते असे मात्र नाही. कधी कधी सर्व्हर अगदी निवांत असतो, तरी प्रत्येक गोष्ट उघडताना बरोबर पाच सेकंदांची खोटी होते. गर्दी असो वा नसो, पाच म्हणजे पाच. कामामुळे होणारा वेळ कमी-जास्त होत राहतो. जो वेळ घड्याळासारखा ठराविक असतो तो बहुधा कोणाची तरी वाट पाहण्याचा असतो. येथे नामसेवा तपासावी. नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. संगणकाला बंद पडलेल्या नामसेवकाचा पत्ता दिलेला असेल तर तो आधी त्याला विचारतो, ठरलेली मुदत वाट पाहतो आणि मग दुसऱ्याला विचारतो. पत्ता दुरुस्त केला की दिरंगाई नाहीशी होते.

केबलचेही तसेच. सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेण्यासाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात. खाऱ्या हवेने टोकाच्या जोडातील एक पिन खराब झाली तर पुष्कळ यंत्रे गुपचूप खालच्या वेगावर उतरतात. काम बंद पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. एरवी ४ सेकंदांत जाणारी ५०० मेगाबाइटची फाइल ४० सेकंद घेऊ लागते. औषध काय? काही रुपयांचा नवा जोड.

वारणेचा धडा

मोजण्याआधीही एक प्रश्न विचारावा लागतो: हे यंत्र नेमके कशासाठी हवे आहे? याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक-केंद्रे निघाली. काही वर्षांनी बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी ही केंद्रे प्रत्यक्ष कशी वापरली जातात हे पाहिले. बहुतेक काम उसाची माहिती गाव आणि कारखाना यांच्यामध्ये पोहोचवण्याचे होते. एवढ्यासाठी पूर्ण संगणक सांभाळणे महाग पडत होते. त्यांनी सात गावांत आठ महिने साध्या मोबाइल संदेशांवर तेच काम करून पाहिले. ते स्वस्तही पडले आणि शेतकऱ्यांना सोयीचेही वाटले.

याचा अर्थ संगणक निरुपयोगी होते असा नाही. कामाचे माप आधी घ्यावे आणि अंगरखा मग शिवावा, एवढाच या गोष्टीचा अर्थ.

एक प्रत गावाबाहेर

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. आंब्याच्या बागांचे नुकसान झाले, झाडे आणि विजेचे खांब कोसळले, गावे अंधारात बुडाली. अशा वेळी छपरातून आलेले पाणी सर्व्हरवर पडले तर? नवा सर्व्हर बाजारात मिळेल. पण कोणत्या बागायतदाराच्या किती पेट्या गेल्या, कोणाचे किती देणे राहिले, हे बाजारात मिळत नाही. वर्षाची कमाई त्या नोंदींत असते.

म्हणून जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात: नोंदींच्या ३ प्रती, २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील १ प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्या कचेरीपुरते ते ठिकाण किनाऱ्यापासून दूर असलेले बरे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने बसवल्या म्हणजे झाले असे मानू नका. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी पडेल. पण चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. आणि महिन्यातून एकदा राखीव प्रतीवरून काही खाती खरोखर परत उघडून पहावीत. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर हंगाम सोपवू नये.

तर मित्रहो, चालकांना आपण काय उत्तर देणार? "नवा सर्व्हर आणण्याआधी, रांग कोठे लागते ते पाहू या." हे उत्तर संगणकापुरतेच नाही. दवाखान्यात, रेशन दुकानात, एसटीच्या स्थानकात, जेथे जेथे माणसे ताटकळतात तेथे हाच प्रश्न विचारता येतो आणि पुष्कळदा उत्तर पैशांत नसून चार वाजताचे एखादे काम दहाला ढकलण्यात असते.

करून पहा

मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या नळाजवळ दोघे जण वही आणि घड्याळ घेऊन उभे रहा. एकाने दर मिनिटाला किती मुले आली ते मोजावे. दुसऱ्याने दहा मुलांची येण्याची आणि पाणी पिऊन जाण्याची वेळ लिहावी आणि सरासरी काढावी. मिनिटाला येणारी मुले गुणिले प्रत्येकाने घालवलेली सरासरी मिनिटे, हा गुणाकार म्हणजे नळापाशी सरासरी असणारी मुले. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हा नियम सिद्ध केला. तुमचे उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी किती जुळते?

स्वाध्याय

१. आपल्या कचेरीतील डिस्ककडे चार वाजता सेकंदाला ७२ मागण्या येत होत्या आणि प्रत्येक मागणी १२५ मिलिसेकंद थांबत होती. लिटल यांच्या नियमाने डिस्कपाशी सरासरी किती मागण्या असतील?

२. मागण्या ७२ वरून ७६ झाल्या असत्या तर प्रत्येक नोंदीला किती वेळ लागला असता?

३. सर्व मुले बरोबर एकेक मिनिटाच्या अंतराने आली आणि प्रत्येकाला पाणी पिण्यास बरोबर ५० सेकंद लागले, तर रांग लागेल का? का?